वेब फ्रेमवर्कमधली रिक्वेस्ट-रिस्पॉन्सची हाताळणी बदलायची आहे, सुरुवात कुठून करावी?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. आमच्या टीमनेच घडवलेलं एक जुनं पीएचपी फ्रेमवर्क सध्या माझ्याकडे आलं आहे. त्यात रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) किंवा रिस्पॉन्स (सर्व्हरचं उत्तर) असे वेगळे ऑब्जेक्ट नाहीतच. कंट्रोलर (एकेका पानाचं काम करणारे क्लास) थेट गेट, पोस्ट आणि सर्व्हर या सुपरग्लोबलमधून (पीएचपीने भरलेले, कुठूनही दिसणारे ॲरे) वाचतात, मनाला येईल तिथे इको करतात, हेडर फंक्शन बोलावतात आणि काम झालं की एक्झिट, म्हणजे प्रोग्राम तिथेच बंद. लॉगिनची तपासणी पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, तीही एक्झिटनेच संपणारी.

चालतंय सगळं व्यवस्थित. पण दोन कारणांनी हात घालावा लागणार आहे. एक म्हणजे कंट्रोलरला टेस्ट लिहिता येत नाही, पहिल्याच एक्झिटला टेस्ट चालवणारा प्रोग्रामच बंद पडतो. दुसरं, हे सगळं रोडरनर किंवा फ्रँकेनपीएचपीसारख्या वर्करवर न्यायचं आहे, जिथे एकच प्रोसेस एकामागून एक रिक्वेस्ट घेते. तिथे एक्झिट म्हणजे वर्करच जातो.

टीममधल्या बहुतेकांचं मत, आधी रिक्वेस्ट ऑब्जेक्ट करा. मला मात्र उलट वाटतं. आधी रिस्पॉन्स. कंट्रोलरने काहीही परस्पर पाठवायचं नाही, फक्त रिस्पॉन्स परत द्यायचा, आणि तो बाहेर पाठवण्याची जागा सगळ्या फ्रेमवर्कमध्ये एकच असायची. रिक्वेस्ट वाचणं विखुरलेलं असलं तरी वाचून कुणाचं काही बिघडत नाही.

तुमचा अनुभव काय? आणि ऑब्जेक्ट कुठले घ्यावे, पीएसआर-७ चे (पीएचपीतलं रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचं सामायिक प्रमाण) की सिंफनी फ्रेमवर्कच्या एचटीटीपीफाउंडेशन लायब्ररीचे?

निशाचर
रिस्पॉन्सच आधी. अजिबात शंका नको. "हेडर आधीच पाठवले आहेत" ही चूक ज्याने रात्री-अपरात्री शोधली आहे तो दुसरं उत्तर देणार नाही.

ससेमिरा
असहमत. "वाचून कुणाचं काही बिघडत नाही" हे जुन्या कोडला लागू होत नाही. सुपरग्लोबल हे साधे ॲरे आहेत, त्यात लिहिताही येतं, आणि लोकांनी लिहिलेलं असतंच. एका फंक्शनमधून दुसऱ्याकडे माहिती पोचवायला गेटमध्ये एक किल्ली भरून ठेवायची, ही पद्धत मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. तुमच्या कोडमध्ये सुपरग्लोबलच्या डाव्या बाजूच्या असाइनमेंट शोधून पाहा, मग ठरवा.

शिवाय रोडरनर तुमच्या हातात थेट पीएसआर-७ ची रिक्वेस्ट देतो, सुपरग्लोबल भरून देत नाही. फ्रँकेनपीएचपी दर रिक्वेस्टला ते नव्याने भरतो. म्हणजे वर्कर कुठला हे ठरल्याशिवाय क्रम ठरवण्यात अर्थ नाही.

टिपकागद
दोन्ही नाही. आधी नोंदी.

मी टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे माझं मत त्या बाजूने झुकणार हे उघड आहे, पण कारण ऐका. तुम्ही बदलताय ती वस्तू म्हणजे सर्व्हरमधून बाहेर पडणारे बाइट. तर आजचे बाइट जपून ठेवा. महत्त्वाच्या प्रत्येक यूआरएलसाठी स्टेटस, सगळे हेडर आणि बॉडी साठवा. तारीख, सेशनचा आयडी, फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकन (बनावट फॉर्म ओळखण्यासाठीचं) अशा दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी झाका. मग प्रत्येक बदलानंतर तुलना करा.

हे कमांड लाइनवर करायला जाऊ नका. पीएचपीच्या सीएलआयमध्ये हेडरची यादी देणारं फंक्शन रिकामा ॲरे देतं, त्यामुळे हेडर हरवले तरी टेस्ट हिरवीच राहते. पीएचपीबरोबर येणारा छोटा सर्व्हर (५.४ पासून आहे) चालू करा आणि खरी एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवा.

या नोंदींतून काय सापडतं याची दोन उदाहरणं देते. पीएचपीच्या हेडर फंक्शनला लोकेशन दिलं की ते स्टेटस आपोआप ३०२ करतं (आधीच २०१ किंवा ३०० च्या घरातला कोड दिला असेल तर तोच राहतो). तुम्ही उद्या तेच लोकेशन रिस्पॉन्स ऑब्जेक्टमध्ये हेडर म्हणून भरलंत की स्टेटस राहतो २००. ब्राउझर कुठेच जात नाही, वापरणाऱ्याला कोरं पान दिसतं. दुसरं, कंटेंट-टाइप. कुणीच लिहिलेला नसला तरी पीएचपी टेक्स्ट-एचटीएमएल लावतं, आणि ५.६ पासून त्यासोबत यूटीएफ-८ सुद्धा. ऑब्जेक्टवर गेल्यावर ही जबाबदारी तुमची. पीएचपी न बोलता काय काय करत होतं याची यादी या नोंदींशिवाय कुणालाच पूर्ण करता येणार नाही.

अनुस्वार
टिपकागद, अगदी. नोंदींमध्ये एक्सपायर्स हेडरात १९ नोव्हेंबर १९८१, गुरुवार, ०८:५२:०० अशी तारीख दिसली तर दचकू नका. ती तुमच्या कुणा जुन्या सहकाऱ्याने घातलेली नाही. सेशन सुरू झालं की पान कॅशमध्ये राहू नये म्हणून पीएचपी स्वतः हे हेडर लावतं, सोबत कॅश-कंट्रोल आणि प्राग्मा. जगभरच्या कितीतरी साइट्सवरून ही तारीख रोज जात असते.

पण यात एक गंभीर गोष्ट आहे. सेशन कधी सुरू होतं हे रिफॅक्टरिंगमध्ये (कोडची आतली रचना बदलताना) बदललं, म्हणजे आधी कन्स्ट्रक्टरमध्ये आणि आता गरज पडेल तेव्हा, तर हे तीनही हेडर काही पानांवरून निघून जातात. मग मधला प्रॉक्सी ती पानं ठेवून घ्यायला लागतो. त्यातल्या एखाद्या पानावर वापरणाऱ्याचं नाव असेल तर ते दुसऱ्याला दिसू शकतं. कॅशचे हेडर रिस्पॉन्समध्ये स्पष्ट लिहा, सेशनच्या मेहेरबानीवर सोडू नका.

गोगलगाय
पायथनकडून थोडं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने हेच काम १.१० मध्ये, २०१६ साली केलं, आणि तो बदल अभ्यासण्यासारखा आहे.

आधी प्रत्येक मिडलवेअरला (रिक्वेस्ट आणि कंट्रोलरच्या मधला थर) रिक्वेस्ट येताना एक मेथड आणि रिस्पॉन्स जाताना दुसरी, अशी दोन सुटी टोकं असायची. त्यात गंमत अशी की वाटेतल्या एखाद्या मिडलवेअरने मध्येच रिस्पॉन्स दिला, समजा लॉगिन नाही म्हणून, तरी परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या रिस्पॉन्स मेथड चालायच्या. ज्यांनी रिक्वेस्ट पाहिलीच नव्हती त्यांच्याही. मग तिथे "मी आधी काही ठेवलं होतं का" अशा तपासण्या भरायच्या.

नव्या पद्धतीत प्रत्येक मिडलवेअर पुढच्याला आपल्या पोटात घेतं: रिक्वेस्ट घ्या, पुढच्याला द्या, आलेला रिस्पॉन्स परत करा. कांद्याच्या पाकळ्यांसारखं. मध्येच कुणी परतवलं तर फक्त त्याच्या बाहेरच्या पाकळ्यांना कळतं, आतल्यांना पत्ताही नसतो. आणि प्रत्येक थराभोवती एक्सेप्शनचं रिस्पॉन्समध्ये रूपांतर करणारं आवरण, म्हणजे बाहेरच्या थराला नेहमी रिस्पॉन्सच मिळतो.

कोरीपाटी, तुमच्यासाठी धडा त्यांच्या पुलाचा. जुनं मिडलवेअर नव्या रचनेत चालावं म्हणून त्यांनी एक मिक्सिन (वरून जोडता येणारा) क्लास दिला आणि जुनी सेटिंग २.० पर्यंत, म्हणजे २०१७ च्या अखेरपर्यंत चालू ठेवली. एका रात्रीत सगळं फिरवलं नाही.

पाणकावळा
रिस्पॉन्स "परत द्यायचा" हे तुम्ही सगळे गृहीत धरताय. गो भाषेत हँडलर (रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन) काहीच परत देत नाही. त्याला रिस्पॉन्स-रायटर मिळतो आणि तो त्यात लिहितो. मोठी फाइल असो की हळूहळू येणारा डेटा, मेमरीत सगळं गोळा न करता वाहत जातो. मला ही रचना जास्त प्रामाणिक वाटते, कारण एचटीटीपी खरंच तसंच चालतं: आधी स्टेटस, मग हेडर, मग बॉडी, आणि गेलेलं परत येत नाही.

निशाचर
पाणकावळा, प्रामाणिक आहे, पण त्याची किंमतही सांगा की. स्टेटस एकदा लिहिला की नंतरचे हेडर बदल वाया. दुसऱ्यांदा स्टेटस लिहिला तर लॉगमध्ये एक तक्रार, बाकी काही नाही. नुसतं राइट केलं तरी २०० जातो. आणि मिडलवेअरला स्टेटस जाणून घ्यायचा असेल तर रायटरभोवती स्वतःचा रायटर गुंडाळावा लागतो.

पाणकावळा
मान्य. गुंडाळण्याचा त्रास मोठा होता. मूळ रायटरला फ्लश करता येत असतं, पण तुमच्या वेष्टनात ती मेथड नसेल तर आतल्या हँडलरला ती दिसत नाही आणि लाइव्ह डेटा अडकतो. १.२० मध्ये, २०२३ ला, रिस्पॉन्स-कंट्रोलर आला. वेष्टनाने अनरॅप नावाची मेथड दिली की तो आतपर्यंत पोचतो. तेव्हापासून बरं आहे.

तरी माझा मूळ मुद्दा उरतोच. कोरीपाटी, तुमच्याकडे मोठ्या सीएसव्ही किंवा फाइल डाउनलोड आहेत का? असतील तर "रिस्पॉन्स म्हणजे एक स्ट्रिंग" असा ऑब्जेक्ट करू नका. सगळं बफरमध्ये गोळा केलंत तर पीएचपीची १२८ एमबीची डिफॉल्ट मर्यादा पहिल्याच मोठ्या रिपोर्टला आडवी येईल.

कोरीपाटी
@पाणकावळा, आहेत. रिपोर्ट विभाग सगळा तसलाच आहे. लूपमध्ये ओळ काढायची, इको, फ्लश.

@ससेमिरा, शोधलं. गेट आणि पोस्टमध्ये लिहिणाऱ्या ओळी निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच मॉड्यूलमध्ये आहेत. म्हणजे तुमचं म्हणणं खरं, पण आवाक्यातलं आहे.

आता एक्झिटचं कुणी सांगा. नुसतं शोधून काढून टाकता येत नाही, कारण खालचा कोड चालू लागतो.

चक्रपाणि
एक्झिटच्या जागी एक्सेप्शन फेका. रिस्पॉन्स पोटात घेऊन जाणारा एक क्लास करा आणि तो अगदी वर, एकाच ठिकाणी पकडा. पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली. तो क्लास एक्सेप्शनपासून काढू नका, एररपासून काढा. जुन्या कोडमध्ये "काहीही झालं तरी पकड आणि लॉग कर" असे ब्लॉक भरपूर असतात, आणि ते एक्सेप्शन पकडणारे असतात. तुमचा रीडायरेक्ट त्यांच्या तोंडात जाईल. पीएचपी ७ पासून एररची शाखा वेगळी आहे, ती त्यांच्या हातून सुटते. थ्रोएबल (दोन्ही शाखांचं मूळ) पकडणारे ब्लॉक असतील तर ते मात्र हाताने तपासावे लागतील.

दुसरी, आणि ही फार कुणी सांगत नाही. एक्झिट झाल्यावर फायनली ब्लॉक (शेवटची आवराआवर करणारे) चालत नाहीत. एक्सेप्शन फेकल्यावर चालतात. म्हणजे आजवर कधीच न चाललेला कोड पहिल्यांदाच चालणार. फायनलीमध्ये ट्रान्झॅक्शन मागे घेणं किंवा लॉक सोडणं असेल तर एकेक उघडून वाचा.

तिसरी, आउटपुट बफरची (पाठवण्याआधी आउटपुट साठवणारी जागा) पातळी. आतल्या कोडने उघडलेले बफर एक्सेप्शनमुळे उघडेच राहतात. कंट्रोलरला हात लावण्याआधी पातळी किती होती ते लिहून ठेवा, नंतर तिथपर्यंत उतरा. वर्करमध्ये हे विसरलं तर एका वापरणाऱ्याचं आउटपुट दुसऱ्याच्या पानात.

आणि शटडाउन फंक्शन वापरत असाल तर रोडरनरमध्ये ती वर्कर मरताना चालतील, दर रिक्वेस्टनंतर नाही.

मधलीसुट्टी
चक्रपाणि, दुसऱ्या मुद्द्यासाठी विशेष आभार. वाचनखूण साठवली.

ससेमिरा
रिक्वेस्टच्या बाजूचं अजून कुणी बोललंच नाही म्हणून मीच लिहितो. एकच नाव क्वेरीत दोनदा आलं तर काय होतं? पीएचपी शेवटची किंमत ठेवतं. जँगोसुद्धा शेवटची. पायथनच्याच फ्लास्क फ्रेमवर्कखालची वर्कझॉइग लायब्ररी पहिली. जावा सर्व्लेटचं गेट-पॅरामीटर पहिली. जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेसमध्ये क्यूएस पार्सर असेल तर ॲरे. आता समजा पुढे बसलेला फायरवॉल पहिली किंमत तपासतो आणि तुमचं ॲप शेवटची वापरतं. तपासणी झाली एकीची, आत गेली दुसरी.

पीएचपी आणखी एक करतं, नावातल्या टिंबाचा अंडरस्कोर करतं. तुम्ही क्वेरी स्वतः पार्स करणारी लायब्ररी आणलीत तर टिंब टिंबच राहू शकतं, आणि जुना कोड अंडरस्कोरवाली किल्ली शोधत बसतो. म्हणून म्हणतो, रिक्वेस्ट ऑब्जेक्ट पहिल्या टप्प्यात सुपरग्लोबलपासूनच बनवा, पार्सिंग बदलू नका.

तसंच क्लायंटचा आयपी. एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ क्लायंटचा आयपी सांगणारा हेडर) कुणीही पाठवू शकतो. तो फक्त आपल्या ओळखीच्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच मानायचा, आणि हा निर्णय रिक्वेस्ट ऑब्जेक्टच्या आत एकदाच झाला पाहिजे. होस्ट हेडरचंही तेच. पासवर्ड बदलण्याच्या ईमेलमधली लिंक होस्टवरून बनत असेल तर परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवाच.

टिपकागद
हे सगळं पटलं. तरी क्रमाच्या प्रश्नावर तुम्ही स्वतःच "पहिल्या टप्प्यात पार्सिंग बदलू नका" म्हणताय. म्हणजे रिक्वेस्टचा पहिला टप्पा नुसतं आवरण. ते आधी झालं काय, नंतर झालं काय!

ससेमिरा
नुसतं आवरण, पण हँडलरची सही (म्हणजे तो काय घेतो आणि काय परत देतो) त्याने ठरते. रिक्वेस्ट आत, रिस्पॉन्स बाहेर. ती एकदाच बदलावी, दोनदा नाही. एवढ्यासाठी तरी ते सोबत हवं.

टिपकागद
हे मान्य.

अनुस्वार
आता पीएसआर-७ की एचटीटीपीफाउंडेशन. माझं मत पीएसआर-७ कडे. २०१५ साली मंजूर झालं, त्यावरचं मिडलवेअरचं पीएसआर-१५ जानेवारी २०१८ मध्ये. ऑब्जेक्ट बदलत नाहीत, बदल हवा तर नवी प्रत मिळते. त्यामुळे आतल्या थराने रिक्वेस्टमध्ये काही मिसळलं तरी बाहेरच्या थराकडची प्रत शाबूत. आणि रोडरनरची भाषाच ती.

निशाचर
आणि टीममधला प्रत्येक जण एकदा तरी परत आलेली प्रत घ्यायला विसरणार. विथ-हेडर लिहिलं, उत्तर कुठे ठेवलंच नाही, हेडर गायब, आणि चुकीचा संदेशही येत नाही. शिवाय "बदलत नाहीत" हे अर्धंच खरं. बॉडी ही स्ट्रीम (तुकड्या-तुकड्याने वाचला जाणारा प्रवाह) आहे आणि ती बदलते. लॉगिंगच्या मिडलवेअरने ती शेवटपर्यंत वाचली की पुढच्याला रिकामी मिळते, जर कुणी मागे नेली नाही तर.

एचटीटीपीफाउंडेशन सिंफनीत आहे, लाराव्हेल त्यावर उभं आहे, ड्रुपल ८ ने २०१५ ला तेच घेतलं. सुपरग्लोबलपासून रिक्वेस्ट बनवणारी मेथड तयार आहे, वाहत्या बॉडीसाठी कॉलबॅक घेणारा स्ट्रीम्ड-रिस्पॉन्स तयार आहे. पाणकावळ्याचा सीएसव्हीचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. जुन्या कोडमधून येणाऱ्या टीमला हेच झेपतं.

अनुस्वार
विसरण्याचा प्रश्न स्टॅटिक ॲनालिसिसने (कोड न चालवता तपासणाऱ्या साधनांनी) सुटतो. पण सीएसव्हीचा मुद्दा मान्य, पीएसआर-७ मध्ये कॉलबॅकवाली बॉडी स्वतः स्ट्रीम म्हणून लिहावी लागते.

गोगलगाय
दोघांनाही एक विनंती. कोरीपाटींचा कोड यातल्या कुठल्याच क्लासवर थेट अवलंबून नको, असं नाही का करता येणार?

चक्रपाणि
नको. स्वतःचा तिसरा रिस्पॉन्स क्लास लिहू नका. दिसायला सोपा, पण मग सेट-कुकी येते. बाकी हेडर एकाच नावाचे असतील तर स्वल्पविरामाने जोडता येतात, सेट-कुकी येत नाही, कारण तिच्या एक्सपायर्सच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. हेडरची नावं लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत, हे साध्या ॲरेला कळत नाही. २०४ आणि ३०४ ला बॉडी नसते, हेड रिक्वेस्टलाही नसते. हेडरच्या किमतीत नवी ओळ घुसली तर हल्लेखोराला स्वतःचा हेडर घालता येतो. पीएचपीचं स्वतःचं हेडर फंक्शन हे ५.१.२ पासून अडवतं, तुमच्या क्लासला ते वेगळं शिकवावं लागेल. प्रसिद्ध लायब्रऱ्यांनाही ही तपासणी नंतर घट्ट करावी लागली आहे. तयार घ्या, कुठलंही घ्या.

कोरीपाटी
खूप मिळालं. टीमशी बोलले, आता असं ठरतंय.

आधी टिपकागद म्हणतात तशा नोंदी, छोट्या सर्व्हरवर. मग हँडलरची सही एकदाच: रिक्वेस्ट आत, रिस्पॉन्स बाहेर. रिक्वेस्ट सुपरग्लोबलपासून बनवलेली, पार्सिंगला हात नाही. जुन्या कंट्रोलरभोवती एक पूल. तो बफर उघडेल, जुनं चालू देईल, मग बफर, स्टेटस आणि हेडरची यादी गोळा करून रिस्पॉन्स बनवेल. एक्झिटऐवजी एररच्या शाखेतला रिस्पॉन्स. रिपोर्ट विभाग पुलावरून जाणार नाही, तो थेट स्ट्रीम्ड-रिस्पॉन्सवर. ऑब्जेक्ट एचटीटीपीफाउंडेशनचे, रोडरनर आलाच तर सिंफनीचा पीएसआर-७ पूल मध्ये. लॉगिनची तपासणी कन्स्ट्रक्टरमधून मिडलवेअरमध्ये.

म्हणजे रिस्पॉन्स आधी हे माझं मत टिकलं, पण ससेमिरांच्या अटीसह.

यात काही सुटलंय का?

पाणकावळा
रिस्पॉन्स गेल्यानंतरचं काम. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपी चालवणारा प्रोसेस मॅनेजर) फास्टसीजीआय-फिनिश-रिक्वेस्ट हे फंक्शन बोलावून पान आधी पाठवायचं आणि ईमेल नंतर, असं कुठे केलं आहे का पाहा. ते कंट्रोलरमध्ये राहिलं तर "बाहेर पाठवण्याची जागा एकच" हा नियम मोडतो. सिंफनीत त्यासाठी टर्मिनेट नावाचा वेगळा टप्पा आहे, तिकडे हलवा.

अनुस्वार
आणि पुलात गोळा केलेले हेडर काढून टाकताना सांभाळून. सेट-कुकी नावाने काढलंत की सेशनची कुकीसुद्धा जाते. आधी यादी वाचा, सगळ्या सेट-कुकी रिस्पॉन्समध्ये भरा, मगच काढा.

मधलीसुट्टी
एक शंका. रिपोर्टचं स्ट्रीम चालू असताना सेशन उघडंच राहिलं तर?

चक्रपाणि
चांगला प्रश्न. फाइलमध्ये साठवलेलं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत लॉक राहतं. मोठा रिपोर्ट उतरतोय तोवर त्याच माणसाच्या बाकी सगळ्या टॅब थांबतात, आणि त्याला वाटतं साइट बंद पडली. स्ट्रीमचा कॉलबॅक सुरू होण्याआधी सेशन लिहून बंद करा. कॉलबॅकच्या आत सेशनला हात लावायचा नाही, लागणारी माहिती आधीच व्हेरिएबलमध्ये घ्या.

कोरीपाटी
हे आमच्याकडे आत्ताही होतंय! रिपोर्ट चालू असताना साइट अडकते अशी तक्रार कायम येते आणि आम्ही डेटाबेसमध्ये शोधत होतो. हे तर रिफॅक्टरिंगची वाट न पाहता उद्याच करता येईल.